नावाचा धुरा

यवतमाळ जिल्ह्यातलं भाऊबंदकीचं भांडण म्हटलं की ते शेताच्या धुऱ्यावरूनच असणार, असं बाहेरचा माणूस धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण धुऱ्याच्या भांडणाला कधी तरी शेवट असतो. मोजणीचा अर्ज होतो, पैसे भरले जातात, मोजणीवाला येतो, खुणा रोवतो. ज्याला पटत नाही तो वर जातो, आणि दहा वर्षांनी का होईना, सातबाऱ्यावर हिस्से पडतात. घराचंही तेच. मधे भिंत घालतात, विहीर सामाईक ठेवतात, पाण्याच्या पाळ्या लावून घेतात. पाटीवर मात्र आजोबांचं नाव असेल आणि घर फुटलं, तर त्या नावाची मोजणी करणारा अधिकारी अजून जन्माला यायचा आहे.

माझं गाव तालुक्याचं आहे. कोणतं ते सांगत नाही, कारण मग कुंभारपुऱ्यातून मान वर करून जाता येणार नाही. तिथे मूर्तिकारांची दोन घरं आहेत, दोघे चुलतभाऊ. पोळ्याला मातीचे बैल, मग गणपती, महालक्ष्म्यांचे मुखवटे, आणि लगेच नवरात्राच्या दुर्गा. यवतमाळचा दुर्गोत्सव बघायला लांबून लोक येतात, आणि त्याचं वारं तालुक्यातालुक्यांतून वाहत असल्यामुळे भाद्रपद लागला की या दोन्ही घरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. अंगणात बांबूचे सांगाडे उभे राहतात, त्यांवर तणस सुतळीने आवळलं जातं, आणि चिकणमातीचा पहिला हात फिरला की पुऱ्यातली पोरं शाळा सोडून तिथेच घुटमळतात.

दोन्ही पाट्यांवर एकाच आजोबांचं नाव, पुढे ‘मूर्ती कला केंद्र’. वाटण्या झाल्या त्या वर्षी थोरल्या पातीच्या पाटीवर नावाआधी ‘मूळ’ आलं. धाकट्या पातीने ‘जुने व प्रसिद्ध’ लिहून घेतलं. मग थोरल्याने खाली तांबड्या अक्षरांत ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी ओळ टाकली. पाच घरं सोडून पुढे धाकट्याच्या पाटीवर तीच ओळ, तेवढ्याच आकारात, तेवढ्याच तांबड्या रंगात आली. पेंटर एकच होता. त्याला दोन्हीकडून पैसे मिळाले, आणि या सगळ्या प्रकरणात निव्वळ फायद्यात राहिलेला माणूस तोच असावा.

पुढची पायरी वर्तमानपत्रातली ‘जाहीर सूचना’. थोरल्याचा मुलगा मजकूर लिहून घ्यायला माझ्याकडे आला. ‘सर, लोकाइची फसवणूक होऊन रायली, असं काही तरी टाका.’ मी टाकलं. पंधरवडा गेला नाही तोच धाकटा स्वतः आला. त्यालाही तेच हवं होतं, फक्त फसवणूक करणारा उलट्या बाजूचा. तेही लिहून दिलं. परस्परांना खोटं ठरवणाऱ्या त्या दोन्ही सूचनांचं व्याकरण निर्दोष होतं, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

गंमत अशी की दोघांचंही खरं होतं. आजोबांचे साचे थोरल्याकडे. आजोबांची शेवटची सहा-सात वर्षं, त्यांचं खोकणं आणि त्यांचं पथ्यपाणी, हे सगळं धाकट्याकडे. एकाच्या वाट्याला हत्यारं आली, दुसऱ्याच्या वाट्याला म्हातारा. आता यातलं ‘मूळ’ कोणतं धरायचं? चहाच्या टपरीवर एकदा दोघे समोरासमोर आले, तेव्हा थोरला गरजला, ‘नाव काय तुह्या बापाचं हाय?’ धाकटा शांतपणे म्हणाला, ‘बापाच्या बापाचं हाय. आन् थो तुह्याबी बापाचा बाप होता.’ टपरीवाल्याने त्या दिवशी दोघांचेही चहाचे पैसे घेतले नाहीत म्हणतात.

गावात तर कोणाचीच फसवणूक होत नव्हती. आमच्याकडे कोणी ती पाटी वाचतच नाही. ‘वडापासची मूर्ती’ आणि ‘नळापासची मूर्ती’ असे दोन सरळ भेद आहेत आणि मंडळाच्या पावतीवरही तसंच लिहितात. मग पाटी कोणासाठी? बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी, असं दोघे सांगतात. वणीचं, पांढरकवड्याचं एखादं मंडळ मोबाइलवर नाव टाकून येतं, आणि नकाशावरचा ठिपका त्याला ज्या दारात उभं करेल तिथे विसार देऊन मोकळं होतं. पैशाचा मुद्दा आहेच, नाही असं नाही. पण अशी मंडळं वर्षाला किती? त्यांच्यासाठी कोणी चुलतभावाशी बोलणं टाकत नाही. मला वाटतं ती पाटी गिऱ्हाइकाला नव्हे, पाच घरांपलीकडच्या अंगणाला उद्देशून लिहिलेली असते. ‘त्यांचा नातू मी’ एवढंच तिच्यावर लिहायचं असतं. तसं लिहिता येत नाही म्हणून ‘मूळ’ लिहितात.

नावाचाही धुरा घालून बघितलेल्यांची एक गोष्ट आम्हा वऱ्हाडातल्या लोकांच्या पिशवीतच असते. नागपूरहून येताना जिची संत्रा बर्फी आणली नाही तर घरात तोंड दाखवता येत नाही, त्या हल्दीरामची. मुळात बिकानेरच्या गंगाबिशन नावाच्या भुजियावाल्याला हल्दीराम म्हणत. धंदा मुलांत, नातवांत पसरला. ‘चांदमल गंगाबिशन भुजियावाला’ ही घरची भागीदारी १९७४ च्या नोव्हेंबरात मोडली, तेव्हा नावाची वाटणी चक्क नकाशावर झाली. पश्चिम बंगालमध्ये हे नाव रामेश्वरलालच्या पातीचं, बाकीच्या देशात मूलचंदच्या पातीचं. नागपूरची शाखा वाढवणारे शिवकिसन हे मूलचंदचेच चिरंजीव. कागद पक्का, सह्या पक्क्या. पुढे १९९१ मध्ये कोलकात्याच्या पातीने दिल्लीत करोलबागेला दुकान थाटलं आणि दावा उभा राहिला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००० साली तिथे कशाचा निवाडा झाला? तर नोंदणी नसलेल्या भागीदारीला हा दावा लावता येतो की नाही, एवढ्याचा. येतो, असं न्यायालय म्हणालं. नाव कोणाचं, हा प्रश्न तोवर उंबरठ्याच्या आतही आला नव्हता. नकाशावरची रेघ चोख होती, पण नाव तिला जुमानत नव्हतं. कोलकात्याच्या माणसालाही दिल्लीत आजोबांच्याच नावाने ओळखलं जावंसं वाटलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

कायद्याला हे वाटणं कळतं, ही त्याची चांगली बाजू. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचं ३५ वं कलम असं की, एखाद्याने नाव नोंदवून घेतलं असलं तरी दुसरा माणूस स्वतःचं नाव, किंवा धंद्यात त्याच्या आधी जे होते त्यांचं नाव, प्रामाणिकपणे वापरत असेल तर त्याला अडवता येत नाही. दिल्लीतल्या राक्यान घराण्यातल्या जवाहिऱ्यांचा असाच वाद २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आडनाव एक, धंदा एक, आणि न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन दुसऱ्या बाजूलाही आडनाव वापरायची मोकळीक दिली. मी हे कलम दोन्ही चुलतभावांना वाचून दाखवलं. दोघांनाही अतोनात आनंद झाला. प्रत्येकाला वाटलं कायदा आपल्या बाजूने आहे. तो होताच. कलमातल्या ‘प्रामाणिकपणे’ या अटीवर मात्र दोघेही थांबले नाहीत.

काही नावं माणसाची नसून गावाची असतात, आणि तिथे भांडण वेगळ्या वाटेने जातं. कोल्हापुरी चपलेचंच घ्या. नाव कोल्हापूरचं, पण चपला पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकातल्या अथणी-निपाणीकडेही होतात. तिकडचे कारागीर म्हणत, कष्ट आमचे आणि नाव त्यांचं. इकडचे म्हणत, नाव आमचं आणि नक्कल त्यांची. २०१८ च्या अखेरीस भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार. सीमेच्या प्रश्नावर ज्या दोन राज्यांचं सहा दशकांत जमलं नाही, ती एका चपलेत पाय घालून उभी आहेत. मानांकनाच्या कायद्यातली आणखी एक तरतूद मला फार आवडते. असं नाव विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. जमीन गहाण पडते, दागिने पडतात, आमच्या जिल्ह्याला तर गहाणाचं कौतुक सांगायला नको. हे एकच असं, ज्याला सावकार हात लावू शकत नाही. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानमध्ये तसल्याच चपला मिरवल्या तेव्हा इथे मोठा गदारोळ झाला. जनहित याचिका मात्र जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. ज्यांच्या नावावर नोंद आहे त्यांनी यावं, तुम्ही कोण, असा तो सवाल होता. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबरच. पण ज्याने हयातभर चामडं कमावलं त्यालाही कोणी ‘तुम्ही कोण’ असं विचारू शकतं, हे ऐकायला कसंसंच वाटतं.

आणि नागपूरचं सावजी? हलबा कोष्ट्यांच्या मागांची खडखड मंदावली तशी त्यांच्या चुलीवरचा तिखट रस्सा भोजनालयांत आला. आज विदर्भात सावजीच्या पाट्या मोजायला बसलं तर दिवस जाईल. माझाच सावजी खरा असं सगळेच म्हणतात, पण ते नाव दुकानाच्या आधी एका समाजाचं होतं. म्हणून बाकीच्यांनी पाटी उतरवावी, अशी भाषा मी तरी ऐकलेली नाही. आमच्या मूर्तिकारांनी आजोबांच्या नावाऐवजी पुऱ्याचं नाव लावलं असतं तर ही वेळ आली नसती, असं एकाने सुचवून बघितलं. थोरला म्हणाला, मग आम्ही आजोबांचे कोण?

कोल्हापुरीचा पट्टा वेणीसारखा गुंफलेला असतो, आणि ते गुंफण्याचं काम बहुतेक घरांतून बायका करत आल्या आहेत. महामंडळांच्या नोंदीत त्या कुठे दिसायच्या! आमच्या पुऱ्यातही हेच आहे, फक्त इथे त्याला एक चेहरा आहे. आजोबांची एक लेक आहे, गावातच दिलेली. दोन्ही चुलतभावांची ती आत्या. आता सत्तरीच्या घरात असेल. दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे, पण दुर्गेचे डोळे काढायला दोन्ही घरी हीच लागते. रंगकाम बाकीचे कोणीही करोत, साडी, मुकुट, आयुधं कोणीही सजवोत, डोळ्यांची आखणी आत्याची. सकाळी वडापाशी, दुपारी नळापाशी.

मी एकदा शेजारी बसून पाहिलं आहे. डावा पाय दुमडून ती पाटावर बसते, उजव्या मनगटाखाली एक वेताची काठी आडवी टेकवते, म्हणजे हात हलत नाही. आधी पांढरा. तो सुकेपर्यंत पान लावते. मग वरच्या पापणीची रेघ, आतल्या कोपऱ्यातून निघून कानाकडे जाणारी, एका दमात. मधे कुंचला उचलला तर ती रेघ पुसून पुन्हा. बुबुळ सगळ्यात शेवटी, आणि ते काढताना ती मूर्तीच्या समोर नसून किंचित बाजूला असते. ‘समोर बसलं का माणूस देवीले आपल्याकडेच पाहाले लावते,’ असं तिचं म्हणणं. हा हात आजोबांचा, असं जुने लोक सांगतात. साच्यातून तो थोरल्याकडे गेला नाही, आणि सेवेतून धाकट्याकडेही आला नाही.

तिचं आडनाव मात्र लग्नानंतर बदललं. स्वतःचं नाव लावून दुकान घालायचा जो हक्क ३५ व्या कलमाने दोन्ही भाच्यांना आहे, तो तिच्या बाबतीत तिच्या सासरच्या नावापुरताच. बापाचं नाव लावायचं तर आधी त्याचा धंदा तिच्याकडे आला असता पाहिजे, आणि वाटण्यांच्या वेळी तो कोणी तिला विचारलाही नव्हता. मी तिला हे सगळं समजावून सांगायला लागलो. कलम, मानांकन, हल्दीराम. तिने पानाची पिंक टाकली आणि मला मधेच थांबवलं.

‘नावाचं मले काय सांगता सर. म्या दोघाइलेबी सांगून देल्लं, औंदा एका मूर्तीच्या डोयाचे पन्नास रुपये जास्त लागन. जमत नसन तं बलवा आपापल्या आजोबाले डोये काढाले.’

दोन्ही घरांनी, एकमेकांना न विचारता, त्याच दिवशी कबूल केलं.