कालपर्यंत कसे होते?

आम्ही दोघी बहिणी नर्स आहोत. एकीची ड्यूटी लहान मुलांच्या वॉर्डात, तर दुसरीची स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात. एकीच्या हाताखाली दोन-अडीच किलोची बाळे असतात, दुसरीच्या हाताखाली सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या दादी-नानी. मिरजेच्या घरी परतल्यावर चहा पिताना आमच्या गोष्टी निघतात. इतके वेगळे वॉर्ड, पण नातेवाइकांच्या तोंडी जवळजवळ एकच वाक्य असते. मुलांच्या वॉर्डात म्हणतात, "अजून लहान आहे, होईल सगळं." मोठ्यांच्या वॉर्डात म्हणतात, "आता वय झालं, चालायचंच." दोन्ही वाक्ये मायेनेच म्हटलेली असतात. पण त्यांच्या आड किती आजार घरातच दबून राहतात, हे आम्ही रोज पाहतो.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मानवी वाढ आणि विकास हा विषय असतो. जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणसाचे शरीर, मन, बोलणे आणि वागणे कसे बदलत जाते, हे त्यात शिकवतात. वाढ म्हणजे जे मोजता येते ते: वजन, उंची, डोक्याचा घेर. विकास म्हणजे जे हळूहळू जमू लागते ते: मान धरणे, हसणे, बोलणे, विचार करणे. लोकांना वाटते, नर्सला इंजेक्शन देता आले, सलाइन लावता आली की झाले. हे सारे कशाला? पण समोरच्या माणसाच्या वयाला काय साहजिक आहे हेच ठाऊक नसेल, तर काय बिघडले आहे हे ओळखणार कसे?

श्वासाचेच उदाहरण घ्या. नुकतेच जन्मलेले बाळ मिनिटाला 40-50 वेळा श्वास घेते. मोठा माणूस 12 ते 20 वेळा. 40 हा आकडा तान्ह्या बाळाच्या केसपेपरवर असेल तर आम्ही निर्धास्त असतो. तोच मोठ्या माणसाच्या केसपेपरवर दिसला तर डॉक्टरांना बोलवायला धावतो. हे मोजणे घरीही जमते. बाळाला खोकला असेल तेव्हा ते शांत असताना पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका धरून लगेच दवाखाना गाठावा.

मधाचेही तसेच. घरातल्या सगळ्यांना तो चालतो, पण बाळ वर्षाचे होईपर्यंत त्याला मध चाटवू नये. त्यातून तान्ह्या बाळाला क्वचित, पण गंभीर विषबाधा होऊ शकते. वस्तू तीच असते, वयाने फरक पडतो.

बाळ साधारण पाचव्या महिन्यात जन्माच्या वजनाच्या दुप्पट होते आणि वर्षाला तिप्पट. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास ते आपल्याकडे पाहून हसते, तीन-चार महिन्यांत मान धरते, सहा ते आठ महिन्यांत आधाराशिवाय बसते, वर्ष-सव्वा वर्षात चालू लागते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो आणि दोन वर्षांचे होईपर्यंत दोन शब्द जोडून बोलता येते. ताबा नेहमी वरून खाली येतो: आधी मान, मग पाठ, मग पाय. थोडे मागे-पुढे होतेच. शेजारच्या बाळाने दहाव्या महिन्यात पाऊल टाकले म्हणून आपल्या बाळाची काळजी करू नये. पण दीड वर्ष उलटूनही चालत नसेल, तर वाट पाहत बसू नये.

"आपली मुलं मुळातच बारीक अंगाची असतात," असेही आम्ही नेहमी ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये वाढीचे जे नवे तक्ते प्रसिद्ध केले, त्यासाठी सहा देशांतली मुले मोजली होती: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुले दिल्लीची होती. आईचे दूध, योग्य आहार आणि आरोग्याची काळजी मिळाली, तेव्हा या सगळ्या देशांतल्या लहान मुलांची वाढ जवळजवळ सारखी निघाली. म्हणून अंगणवाडीत वजन झाल्यावर तक्त्यावरची रेष वर चालली आहे की आडवी झाली आहे, हे आईने ताईंना विचारलेच पाहिजे.

आमच्या चुलत भावाचा मुलगा दीड वर्षाचा होता तेव्हाची गोष्ट. गुटगुटीत, हसरा, घरभर धावणारा. पण तोंडातून एक शब्द नाही. फूफीअम्मा म्हणत, "त्याचे अब्बाही तीन वर्षांचे झाल्यावर बोलले होते." भाभींना मात्र आतून काहीतरी खटकत होते. त्यांनी आम्हाला सांगितले, "समोरून हात केला की तो धावत येतो. मागून हाक मारली तर वळतच नाही. आठ-नऊ महिन्यांचा असताना बा-बा, मा-मा करायचा, तेही बंद झालं." हे ऐकताच आम्ही कानांच्या तपासणीचा आग्रह धरला. घरात थोडी नाराजी झाली. चांगल्या मुलात खोड काढता, असेही कुणी म्हणाले. शेवटी त्याला मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत नेले. ही राष्ट्रीय संस्था 1983 पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करते आहे. तपासणीत दोन्ही कानांना फार कमी ऐकू येते असे निघाले. कानाची यंत्रे बसवली, बोलण्याचे प्रशिक्षण सुरू झाले. आज तो पाच वर्षांचा आहे, शाळेत जातो. काही अक्षरे अजून अडखळतात, पण भाभींना "अम्मी" म्हणून हाक मारतो. भाषा रुजण्यासाठी पहिली दोन-तीन वर्षे फार मोलाची असतात. आणखी दीड वर्ष वाट पाहिली असती, तर ती निघून गेली असती.

यासाठी मुंबईलाच धावले पाहिजे असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून तपासणीची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला उशीर यांची तपासणी 18 वर्षांपर्यंत मोफत होते. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

पुढच्या वयांतही हेच घडते. मुलगी तेराव्या वर्षी सतत थकलेली असते, अभ्यासात लक्ष लागत नाही, घरचे म्हणतात, "या वयात मुली आळशी होतातच." वय खरेच असते: उंची झपाट्याने वाढते आहे, पाळी सुरू झाली आहे, आणि दोन्हींसाठी लोह लागते. पण म्हणूनच तिचे हिमोग्लोबिन तपासायचे असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच असते. मुली ती दप्तरात विसरतात किंवा फेकून देतात. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

चाळिशीनंतर जवळचे अक्षर दिसेनासे होते, हे वयाचे काम, चष्म्याने भागते. साधारण पन्नाशीच्या आसपास पाळी थांबते, तेही वयाचे काम. पण पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते वयाचे काम नव्हे. आमच्या वॉर्डात आलेल्या एका खालांनी लाजेपोटी हे आठ महिने कुणाला सांगितले नव्हते. गर्भाशयाचा कर्करोग निघाला. माता-भगिनींनो, पुन्हा एक थेंब जरी दिसला, तरी लाज बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवा.

आता म्हातारपण. कुरआन शरीफात सूरह रूममध्ये माणसाच्या आयुष्याचे टप्पे आले आहेत: आधी दुर्बलता, मग ताकद, आणि नंतर पुन्हा दुर्बलता व पिकलेले केस. ही दुर्बलता खरी आहे, ती कुणी नाकारू नये. गुडघे दुखतात, तहान कमी लागते, बारीक आवाज ऐकू येत नाही, नाव आठवायला वेळ लागतो. प्रश्न एवढाच की प्रत्येक तक्रार तिच्याच खात्यात टाकायची का?

आमच्या नानीजान 79 वर्षांच्या. काठी घेऊन चालतात, पण डोके तल्लख. मागच्या हिवाळ्यात एका गुरुवारी त्यांनी असरची नमाज दोनदा पढली. संध्याकाळी अम्मीला आपल्या मरहूम बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. रात्रभर झोपल्या नाहीत, रजईचे धागे ओढत बसल्या, आणि शुक्रवारी दिवसभर गुंगीत पडून राहिल्या. अंगात ताप नव्हता. जवळच्या एका दवाखान्यात वयोमानाने असे होते म्हणून शक्तीच्या गोळ्या दिल्या. मामू रडवेले होऊन म्हणाले, "उमर हो गई अम्मी की. अब इनको तकलीफ मत दो."

आम्ही अम्मीला एकच गोष्ट विचारली, "बुधवारी कशा होत्या?" अम्मी म्हणाल्या, "बुधवारी? त्यांनी दूधवाल्याच्या हिशेबातली दोन दिवसांची चूक काढली." तेव्हाच आम्हाला उलगडा झाला. वयाबरोबर येणारा विसराळूपणा महिन्या-महिन्यांनी, वर्षा-वर्षांनी वाढतो. बुधवारी हिशेब करणारा माणूस गुरुवारी रात्री आपल्या मुलीला ओळखत नसेल, तर ते म्हातारपण नव्हे, आजार आहे. म्हाताऱ्या माणसांत जंतुसंसर्ग कधीकधी तापाऐवजी अशा अचानक गोंधळाच्या रूपाने दिसतो. शरीरातले पाणी किंवा क्षार कमी झाले, एखादे नवे औषध सोसले नाही, तरीही असे होते.

त्याच रात्री त्यांना भरती केले. लघवीत जंतुसंसर्ग निघाला आणि रक्तातले सोडियम उतरलेले होते. थंडीत रात्री बाथरूमला उठायला नको म्हणून नानीजाननी पाणी पिणेच कमी केले होते. औषधे आणि सलाइन सुरू झाली. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हाला आमच्या नावांनी हाक मारली आणि कोंबड्यांना दाणे कोण घालते आहे ते विचारले. पूर्ण सावरायला तीन आठवडे लागले. अल्हम्दुलिल्लाह, आता त्या बऱ्या आहेत. प्रत्येक घरी असेच होईल असे नाही. स्मृतिभ्रंशाचा आजारही असतो आणि तो हळूहळू वाढतोच. पण तोही डॉक्टरांनी ठरवायचा, घरच्यांनी नव्हे.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1950 मध्ये माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. नर्सिंगला ते अजून शिकवतात. पहिल्या टप्प्यात बाळ विश्वास ठेवायला शिकते, शेवटच्या टप्प्यात माणूस मागे वळून आपल्या आयुष्याचा हिशेब जुळवतो. म्हणजे विकास ऐंशीव्या वर्षीही चालूच असतो. म्हातारी माणसे तीच ती गोष्ट पुन्हा सांगतात तेव्हा हा हिशेबच चाललेला असतो. ती ऐकून घेणे हीसुद्धा शुश्रूषा आहे. नानीजाननी सत्तरी ओलांडल्यावर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून कुवेतच्या नातवाला पाठवायला शिकून घेतले. लसूण सोलणे, हिशेब पाहणे ही कामे आम्ही त्यांच्याकडून काढून घेतलेली नाहीत. आणि ही कामे त्यांच्या हाती असतात, म्हणूनच काही बिघडले की घराला लगेच कळते.

या वयाला काय साहजिक असते, हे नर्स आणि डॉक्टर शिकलेले असतात. पण या माणसाला काय साहजिक आहे, हे फक्त घरालाच ठाऊक असते. नानीजानचा रक्तदाब केसपेपरवर होता. बुधवारचा दुधाचा हिशेब मात्र अम्मीकडेच होता. मूल मागून दिलेल्या हाकेला वळत नाही, हेही भाभींनाच कळले होते.

म्हणून घरात एक साधी वही ठेवा. बाळ कधी हसले, कधी बसले, पहिला शब्द कधी आला, ते तारखेसह लिहा. मुलीच्या पाळीच्या तारखा तिला स्वतःला लिहू द्या. वडीलधाऱ्यांची औषधे, चष्मा, ऐकू येणे, दिवसाकाठी पिलेले पाणी, आणि ते रोज स्वतःहून काय काय करतात, हेही लिहा. दवाखान्यात गेल्यावर "वय झालंय" किंवा "लहान आहे" एवढेच सांगून थांबू नका. कालपर्यंत काय करत होते आणि आजपासून काय करत नाहीत, ते सांगा. गर्दीत डॉक्टरांशी नीट बोलता आले नाही, तर ड्यूटीवरच्या नर्सला सांगा. ती ते केसपेपरवर लिहून घेईल.