सहाव्या वर्गाची नोटीस

डोंबिवली एमआयडीसीत, फेज टूमध्ये, आमचा हातहत्यारांचा कारखाना आहे. पाइप पाने, पकडी, छिन्न्या. ट्रेडमार्कच्या हिशेबात हाताने चालवायची हत्यारं आठव्या वर्गात येतात. धातूच्या बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, खिळे, कुलपं सहाव्यात. मार्च २०१७ च्या नव्या नियमांनी छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे ४,५०० रुपये केली, त्याच वर्षी मी अर्ज भरला. ठाण्याच्या सल्लागाराने विचारलं, "सहावाही टाकू का? पुढेमागे उपयोगी पडेल." मी हो म्हटलं. बिजागऱ्या करायचा विचार मनात कधीच नव्हता. आपल्या नावाजवळ दुसऱ्या कोणी फिरकू नये, एवढंच होतं. तरीही हे नाव त्या मालासाठी वापरायचा इरादा आहे, असं अर्जात लिहून दिलं. ते खोटं होतं.

२०१८ मध्ये दोन्ही वर्गांची प्रमाणपत्रं आली.

त्याआधी काही वर्षं आमच्या पान्यांची नक्कल बाजारात येत होती. कच्च्या लोखंडाचा माल, जबडा पहिल्याच जोराला वाकणारा, आणि त्यावर आमचं नाव. गिऱ्हाईक शिव्या आम्हाला घालायचं. तो राग माझ्यात साचला होता. २०२४ मध्ये मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर एका दुकानात आमच्याच नावाची बिजागरी दिसली, खोक्यावर पत्ता कल्याणचा, तेव्हा मी तोच राग तिथे काढला. माल हातात घेऊनही पाहिला नाही. पाहिला असता तर पिन सरळ, भोकं एका रेषेत, काम चोख असल्याचं कळलं असतं. हा माल करणारा माणूस कधीपासून धंदा करतो, हे दुकानदाराला विचारायला एक वाक्य पुरलं असतं. मी वकिलांना फोन केला. नोटिशीचा मसुदा आला, मी सही केली. प्रती त्याच्या दुकानदारांनाही पाठवा, असं सांगितलं. ती कल्पना वकिलांची नव्हती, माझी होती. दिवाळी तोंडावर होती आणि त्याचा माल ऐन हंगामात अडावा, असंच मला वाटत होतं.

चार दिवसांनी कल्याणच्या त्या बिजागरीवाल्यांचा फोन आला. आवाज वयस्कर, शांत.

"साहेब, तुम्ही बिजागऱ्या करता का?"

"रजिस्ट्रेशन माझ्याकडे आहे."

"ते वाचलं मी. करता का, एवढंच विचारतोय."

मला उत्तर देता आलं नाही.

त्यांच्या वकिलाचं पत्र आलं तेव्हा मी १९९९ चा ट्रेडमार्क कायदा पहिल्यांदा नीट वाचला. नोंद झाल्यापासून सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने चिन्ह त्या मालावर वापरलंच नाही, तर ज्याला त्या नोंदीची झळ बसते तो कलम ४७ खाली ती काढून टाकायला सांगू शकतो. कलम ३४ प्रमाणे, नोंदणीच्या आधीपासून सलग नाव वापरणाऱ्याला प्रमाणपत्र दाखवून थांबवता येत नाही, आणि त्यांची बिलं माझ्या अर्जाच्या कितीतरी आधीची होती. कलम १४२ मला माहीतच नव्हतं: आधार नसताना खटल्याची धमकी दिली, तर ज्याला धमकी दिली तो नुकसानभरपाई मागू शकतो.

माझ्या वकिलांनी १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही समोर ठेवला. 'चारमिनार' सिगारेटच्या वझीर सुलतान टोबॅकोने ते नाव सगळ्या तयार तंबाखूसाठी नोंदवलं होतं. विष्णुदास ट्रेडिंगला त्याच नावाने जर्दा आणि किवाम विकायचा होता. कंपनी करत होती फक्त सिगारेट, म्हणून नोंद तेवढ्यापुरतीच उरली. जो माल करत नाही त्यावर ठाण मांडून बसता येत नाही, हे न्यायालयाने माझ्या अर्जाच्या वीस वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. म्हणूनच "टाकून ठेवा" या सल्ल्याला मी आज वाईट सल्ला म्हणतो. फी परवडते म्हणून तो घेतला जातो, आणि अँटॉप हिलच्या रजिस्ट्रीतल्या अशा रिकाम्या नोंदींपायी खरं काम करणाऱ्याचा अर्ज अडतो.

मी लढलो नाही. कलम ५८ खाली सहाव्या वर्गाची नोंद स्वतःहून रद्द करून घेतली, त्यांच्या वकिलाची फी भरली आणि ज्या दुकानदारांना प्रती गेल्या होत्या त्या प्रत्येकाला नोटीस मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. पण दिवाळी निघून गेली होती. दुकानदारांनी दुसऱ्यांचा माल भरून घेतला होता. कल्याणला त्या महिन्यात एक पाळी बंद राहिली, पोरं घरी बसली. भरपाईचा विषय मी काढला, तेव्हा ते म्हणाले, "पैसे मला द्याल. पोरांच्या दिवाळीचं काय?" मी त्यांच्या नावाने पाकीट पाठवलं. त्यांनी ते पोरांना वाटल्याचं पुढे कळलं. काही दुकानं अजूनही त्यांचा माल घेत नाहीत. एकदा आलेल्या नोटिशीची भीती माघारीच्या पत्राने जात नाही.

आठव्या वर्गाची मुदत २०२७ मध्ये संपते. मुलगी आतापासून वर्षवार बिलं लावते आहे. परवा तिने अर्जातली मालाची यादी वाचून दाखवली. तीत कानशी आणि करवतीही आहेत. त्या आम्ही कधी केल्या नाहीत. त्या यादीतून काढायचा अर्ज आधी जाईल, नूतनीकरणाचा त्यानंतर.