आधी बसून बघू द्या

चाकणला महिंद्राच्या गाड्या बनतात, पिंपरीत टाटांच्या. आम्ही मधोमध मोशीत राहतो, तरी एक गाडी निवडायला आम्हाला आठ महिने लागले. भाभींचं ओटीपोटाचं दुखणं तीन वर्षांचं. बसलं की वाढतं. नमाजही खुर्चीवर. आणि नोकरी चाकणला, गाडी स्वतःच चालवायची.

शोरूममधला मुलगा मायलेज सांगत राहिला, खरं कारण आमच्या कुणाच्या तोंडून निघेना. शेवटी अम्मीच म्हणाल्या, "बेटा, हिला बसलं की दुखतं. आधी बसून बघू दे." त्याने निमूट दार उघडलं. इतकं सोपं होतं!

खोलगट सीटमध्ये गुडघे वर जातात, कंबर खाली, आणि भार नेमका दुखऱ्या जागी येतो. उंच, सपाट सीट बरी. चढता-उतरताना पाय ओढावा लागत नाही. नाशिक हायवेच्या कोंडीत क्लच दाबला की दर वेळी कळ, म्हणून ऑटोमॅटिक. थोडी महाग पडली. सनरूफकडे कुणी पाहिलंही नाही.

चक्कर मात्र शोरूमभोवतीची नको म्हणालो. पार तळेगाव चौकापर्यंत, गतिरोधक-खड्ड्यांसकट. येताना भाभींनी एकदाच गाडी बाजूला घेतली. मध्ये भोक असलेली उशी अजून लागतेच.