वॉल्मरची खाट

ती अगदी अरुंद आहे. झोपेत कूस बदलली तर माणूस थेट काठावर यावा, एवढीच. अंगावर कसला थाट नाही. छावणीत मुक्काम पडला की उलगडायची, पहाटे कूच झाली की घडी घालून सामानात टाकायची, अशा खाटांच्या कुळातली ती. आज मात्र ती इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, वॉल्मरच्या किल्ल्यात कायमची मुक्कामाला आहे.

तिचा धनी ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८१५ साली वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा, पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला. १८२९ साली तो सिंक पोर्ट्सचा, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांच्या संघाचा, लॉर्ड वॉर्डन झाला आणि त्या मानाबरोबर हा किल्ला त्याला राहायला मिळाला. हवी ती दालने सजवून घेता आली असती, पण त्याने आपल्यापुरती एक खोली धरली. निजणे तिथेच, लिहिणे-वाचणेही तिथेच. त्या खोलीत या खाटेचा मान पहिला. ऐन म्हातारपणीही धन्याने तिच्या जागी दुसरी आणली नाही आणि तिनेही कधी त्याला लोळू दिले नाही. सहाच्या सुमारास उठायचे, हा दोघांमधला जुना करार.

खोलीबाहेर समुद्र आहे. वॉल्मर आणि त्याला लागून असलेले डील, दोन्ही गावे शांत. किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे. लाट मागे सरली की ते एकमेकांवर घासत खडखडतात. इथे बंदर नाही, तरी शिडांच्या काळात या किनाऱ्यासमोर जहाजांची दाटी असे. समोरच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यामुळे मधल्या पाण्याला आडोसा मिळतो. त्या पाण्याला ‘डाउन्स’ म्हणतात. हिंदुस्थानकडे निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजेही अनुकूल वाऱ्याची वाट पाहत तिथे नांगरून पडत. किल्ला त्याहून जुना, आठव्या हेन्रीने परचक्राच्या भीतीने १५३९-४० मध्ये बांधलेला. बुटका, जाड भिंतींचा, गोल बुरुजांचा.

मी म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातला. आमच्याकडे सकाळ उजाडते ती पोती उतरवण्याच्या आवाजाने. तिथून जवळच, आयर्विन रोडवर, वेलिंग्टन हाउस उभे आहे. हा ड्यूक तेव्हा नुसता कर्नल आर्थर वेलस्ली होता, आणि म्हैसुरातले त्याचे बिऱ्हाड म्हणून ही वास्तू ओळखली जाते. आता तिथे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाचे दक्षिण विभागीय केंद्र आहे. म्हणून वॉल्मरच्या त्या खोलीत मी परका म्हणून उभा राहिलो नाही. खाटेचे वळण ओळखीचे वाटले. हा संसार आमच्याच मुलखात शिकलेला आहे.

४ मे १७९९ रोजी टिपू सुलतानाचे श्रीरंगपट्टण पडले आणि तिथला कारभार तिशीतल्या वेलस्लीच्या हाती आला. त्याच दिवसांत टिपूच्या कैदेतून धोंडजी वाघ सुटला. या मराठा शिलेदाराने बघता बघता हजारो स्वार जमवले आणि स्वतःला दोन्ही लोकांचा राजा म्हणवून घेतले. त्याचा पाठलाग करताना वेलस्लीला कळले की तोफेइतकीच किंमत बैलाला असते. म्हैसूरच्या राजांनी, हैदर-टिपूंनी जोपासलेले अमृतमहाल जातीचे बैल आता कंपनीच्या ताब्यात होते. चपळ, काटक, तोफ ओढत लांबची मजल मारणारे. धान्य पाठीवर घालून आणणारे वंजारी तांडे होते. बैलांची वैरण, शिपायांचा तांदूळ, नदीला पाणी किती, याचा हिशेब तो स्वतः बघू लागला. १० सप्टेंबर १८०० रोजी धोंडजी लढाईत पडला. छावणीत त्याचा लहानगा मुलगा सापडला. त्या पोराला वेलस्लीने सांभाळले आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे ठेवले. पुढे तो मुलगा म्हैसूरच्या राजाच्या चाकरीत लागला.

मग १८०३ साल आले. २३ सप्टेंबरला जालन्याकडच्या असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांची फौज उभी होती. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. इतकी जवळची गावे एकमेकांकडे जात-येत असणारच, म्हणजे उतार असणारच, असे त्याने ताडले, आणि उतार निघालाही. शिंद्यांच्या तोफा अखेरपर्यंत झुंजल्या. इंग्रजांकडचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. म्हातारपणी त्याला रणातली सर्वांत मोठी कामगिरी विचारली, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले, असे सांगतात.

१४ सप्टेंबर १८५२ रोजी सकाळी याच खोलीत त्याचे दुखणे उमळले. खाटेवरून उचलून त्याला शेजारच्या हातांच्या खुर्चीत बसवले. दुपारी तिथेच, त्र्याऐंशीव्या वर्षी, तो गेला. खाट आणि खुर्ची दोघी अजून त्या खोलीत आहेत. खुर्चीपाशी लोक अधिक वेळ थांबतात, कारण मरण तिने पाहिले. मला खाट अधिक मोलाची वाटते, कारण जगणे तिने पाहिले.

असई आमच्या मनात अजून पराभव म्हणून सलते, आणि सलावीच; तिथे आमची माणसे पडली. पण या खाटेकडे नीट पाहिले तर त्या पराभवाचे एक कारणही समजते. ज्याने स्वतःचे ओझे कमी ठेवले, बैलाची वैरण मोजली आणि गावांच्या ठेवणीवरून नदीचा उतार ओळखला, तो आमचाच मुलूख आमच्याहून बारकाईने वाचत होता. ती विद्या या मातीत पिकलेली आहे. धोंडजीचे स्वार, वंजाऱ्यांचे तांडे आणि म्हैसूरचे बैल हे तिचे गुरू. ती परत शिकायचा पहिला हक्क आपला आहे.