ऊन खाणारे, ऊन साठवणारे

थिवी स्टेशनच्या बाहेर पडलं की आधी पायलट भेटतो. विमानाचा नव्हे, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर उतारू बसवून नेणाऱ्याला गोव्यात पायलट म्हणतात. गाडीचं पुढचं मडगार्ड पिवळं, ही त्याची खूण. मे महिना संपत आला होता. मांडवी एक्सप्रेसच्या दिवसभराच्या प्रवासात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सोडला तर गारवा कुठे लागलाच नव्हता. बॅग मांडीवर घेऊन मी मागे बसले आणि हळदोण्याला जायचं म्हणून सांगितलं.

"घर पळोवपाक आयल्यात?" त्यानं आरशातून विचारलं.

ओळखलंत कसं, असं विचारल्यावर म्हणाला, "मे म्हयन्यांत हळदोण्यां कोण येता? एक सोयरो, ना जाल्यार गिरायक."

मी दोन्ही होते. मैत्रीण तीन वर्षांपूर्वी पुण्याचा फ्लॅट भाड्यानं देऊन इथं राहायला आली, म्हणून सोयरी. आणि डोंबिवलीच्या लोकलमध्ये तीस वर्षं उभ्यानं काढल्यावर निवृत्तीनंतर कुठे तरी उन्हात पाय पसरून बसावं असं आम्हा दोघांना वाटायला लागलं होतं, म्हणून गिऱ्हाईक. निघताना ह्यांनी एकच बजावलं होतं: समुद्र किती लांब ते आधी विचार.

हळदोणे समुद्रावर नाही, म्हापशाच्या नदीकाठी आहे. 1596 सालचं सेंट थॉमस चर्च, खाली संथ पाणी, पलीकडे खोर्जुवे बेट. मैत्रिणीच्या वाड्यावर घरं सात. दोन घरांत जुनी माणसं, दोन घरांत नवी, तीन घरांना कुलपं. त्यांतलं एक कुलूपबंद घर तर पाहत राहावं असं. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, पुढे समोरासमोर बसायचे कट्टे असलेलं बाल्कांव. मालक इंग्लंडात. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. तो पासपोर्ट घेऊन हजारो गोवेकर युरोपात कामाला गेले.

म्हणजे दिल्लीकर जिथं यायला धडपडतो, तिथूनच निघायला इथला मुलगा धडपडतो. मुलगा म्हणतो, इथं पोटापाण्याचं काय? दिल्लीकराला तो प्रश्न पडत नाही. तो पोट बरोबरच घेऊन येतो, लॅपटॉपच्या पिशवीतून.

संध्याकाळी मैत्रिणीच्या अंगणात शेजारपाजारचे नवे लोक जमले. गुरुग्रामहून आलेल्या तरुण बापाची मुलगी दम्याची. दिवाळीनंतरच्या धुरात तिच्या तोंडावर यंत्राची नळी धरून बसण्यापेक्षा तो बायको-मुलीला घेऊन इथं आला. मुलगी आता आंब्याच्या झाडावर चढते. बंगळुरूचं जोडपं रोज तीन तास रस्त्यावर घालवत होतं. 2020 च्या टाळेबंदीत ऑफिस घरी आलं आणि घर इकडे आलं. जानेवारी 2023 पासून मोपाच्या विमानतळावरून विमानं उडायला लागल्यावर अडलंनडलं तर सकाळी जाऊन रात्री परत, असंही जमायला लागलं. मैत्रिणीचं कारण सगळ्यांत साधं. "साडेपाचला काम बंद करून बाहेर येते, तेव्हा अजून ऊन असतं. पुण्यात पंचवीस वर्षं मी संध्याकाळचं ऊन पाहिलंच नव्हतं."

उन्हासाठी गोव्यात येणं तसं जुनंच. साठच्या दशकाच्या शेवटी हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी आले ते हिवाळ्याचं ऊन खायलाच. पाऊस आला की गाशा गुंडाळून हिमालयाकडे. त्यांचा बुधवारचा बाजार अजून भरतो. तोही पावसाळ्यात उठतो. पुढे चार्टर विमानांनी आलेल्या युरोपियनांनी तोच रिवाज पाळला: ऑक्टोबरात या, मार्चअखेर निघा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. ऊन खाणाऱ्यांना त्याची गाठच पडत नाही.

मला यात एकच मोठा अपवाद आठवतो. 1946 च्या जूनमध्ये राममनोहर लोहिया तुरुंगातून सुटून विश्रांतीसाठी असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे आले. आठवडाभरात विश्रांती बाजूलाच राहिली. 18 जूनला मडगावात भर पावसात सभा, अटक आणि मुक्तिलढ्याच्या शेवटच्या पर्वाची सुरुवात. आराम करायला आलेला माणूस ऐन पावसात आला, आणि गोवा त्याला अजून विसरलेला नाही.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. शेजारच्या आंटी आम्हाला घेऊन निघाल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, हातात कापडी पिशव्या पाच. "पुरुमेंत करपाक जाय," म्हणाल्या. पोर्तुगीज शब्द गोव्याच्या जिभेवर मुरून झालेला हा पुरुमेंत: पावसाळ्याची बेगमी. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. सुक्या बांगड्यांच्या चळती, सोडे, जवळ्याचे ढीग, जाडं मीठ, चिंचेचे गोळे, हरमलच्या लालभडक मिरच्या, फणसाचे पापड, आमसुलं आणि दोरीला मण्यांसारखे ओवलेले चोरिस. आंटी बांगडा हातात घ्यायच्या, पोटाकडून वाकवायच्या, वाकला की परत ठेवायच्या. नीट सुकलेला वाकत नाही, मोडतो. मीठ चिमटीत चुरडून बघायच्या. मिरची कानाशी हलवायच्या. आत बी वाजलं पाहिजे.

"आंटी, हल्ली दुकानात बारा महिने सगळं मिळतं की," मी म्हटलं.

"दुकानांत मेळटा," त्या म्हणाल्या, "पूण पावसांत वत मेळना. आतांच घेवन दवर."

वत म्हणजे ऊन. पाच पिशव्या भरून आम्ही ऊनच घरी नेत होतो, हे मला बसमध्ये बसल्यावर उमगलं.

दुसऱ्या दिवशी मी माझं काम काढलं. किनाऱ्याकडच्या रस्त्यावर नव्या वसाहतीतला फ्लॅट. दाखवणारा मुलगा उत्साही होता. पश्चिमेची बाल्कनी, खाली पोहण्याचा तलाव, समुद्र गाडीनं दहा मिनिटं. माहितीपत्रावर मोठ्या अक्षरांत ऊन, ऊन आणि ऊन. मी बाल्कनीत उभी राहिले. डोळे दिपावेत असा उजेड.

"कपडे वाळत घालायची दोरी कुठे बांधतात?"

"बाल्कनीत नाही घालायचे मॅडम, नियम आहे. बाहेरून बरं दिसत नाही. ड्रायर देतो ना आम्ही."

"आणि दोन-चार आमसुलं सुकवायची असतील तर?"

तो हसला. मी थट्टा करतेय असं त्याला वाटलं असावं.

परतताना हडफड्याची मिठागरं लागली म्हणून उतरले. भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं, मग एकाहून एक उथळ वाफ्यांत फिरवत तापू द्यायचं. शेवटच्या वाफ्यात पाण्यावर मिठाची साय धरते, ती खाली बसते, मग लाकडी फावड्यानं काठावर ओढायची. खर्च फक्त उन्हाचा आणि पाठीच्या कण्याचा. एक म्हातारा शेवटच्या ढिगावर झावळ्या रचत होता. पहिली सर आली की हंगाम संपला. मुलं मिठागरात येत नाहीत, म्हणाला. एक हॉटेलात, एक बोटीवर. आसपासच्या बऱ्याच वाफ्यांत आता मीठ नव्हतं, नुसतं गवत होतं.

मैत्रिणीचा पहिला पावसाळा मला फोनवरून ठाऊक होता. चपला, पुस्तकं, चामड्याची बॅग, पाव, सगळ्याला बुरशी. तीन-तीन दिवस वीज नाही, छपरातून धार. त्या वर्षी ती परत पुण्याला निघालीच होती. आंटींनी वाटीभर सोडे आणि आमसुलं पाठवली. वर निरोप: पुढच्या मे महिन्यात आळशीपणा करू नकोस. आता तिच्या माळ्यावर बरण्यांची रांग आहे आणि कौलं मे संपायच्या आत परतून घेतलेली असतात.

जूनच्या चौथ्या दिवशी दुपारी आभाळ एकाएकी शाईसारखं झालं. वाड्यावरचं सगळ्यांत चांगलं ऊन पडतं त्या कुलूपबंद घराच्या अंगणात. मालकांनी किल्ली आंटींकडे ठेवलेली, त्यामुळे सगळ्या वाड्याचं वाळवण तिथंच. पहिले टपोरे थेंब कौलांवर वाजले आणि आंटींनी हाक दिली. मैत्रीण कॉल अर्धवट टाकून धावली. गुरुग्रामचा तरुण पायांत काही न घालता आला. त्याच्या मुलीनं मिरच्यांचं सूप डोक्यावर घेतलं. मी चटईचं एक टोक धरलं, दुसरं आंटींनी. कोकमाच्या रसानं कोपरापर्यंत लाल झालेले आम्ही सगळे त्या परक्या घराच्या बाल्कांवात दाटीवाटीनं बसलो आणि समोर पाऊस कोसळत राहिला. कितीतरी वर्षांत त्या कट्ट्यांवर इतकी माणसं बसली नसतील.

रात्री ह्यांचा फोन आला. "मिळालं का घर? समुद्र किती लांब?"

"समुद्राचं विचारायचं राहिलंच," मी म्हटलं.

निघताना आंटींनी आमसुलांची पुरचुंडी दिली. जरा ओलसर आहेत, घरी दोन दिवस वतांत दवर, म्हणाल्या. मुंबईत पाऊस अजून पोचायचा होता. डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत ऊन नक्की किती वाजता येतं, हे तीस वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं. दहाला येतं. पावणेबाराला जातं. मी ताट सरकवत राहते.