इंजिन आणि शीड

दाभोळच्या खाडीत शिडावर होडी हाकणाऱ्याला वाऱ्याची वेळ पाठ असते. पहाटे जमिनीकडचा वारा बाहेर नेतो, दुपारी खारा वारा घरी आणतो. मधल्या वेळी मात्र वारा पडतो, शीड लोंबते आणि नेमकी सुकती लागली असेल तर वाशिष्ठीचे पाणी होडीला मुखाबाहेर ओढते. आमच्या वाडवडिलांनी अशा वेळी वल्ही मारून तळहात सोलून घेतले. म्हणून थोरल्या भावाने कुवेतमध्ये साठवलेल्या पैशांतून आम्ही मागे टांगायचे इंजिन घेतले. ८ अश्वशक्तीचे, वजन सुमारे ४० किलो.

ते कसे बसवावे, यावर घरात आठवडाभर बोलणे झाले. मागच्या फळीवर मधोमध सुकाणू, त्यामुळे इंजिन बाजूलाच बसते. फळीची उंची १५ इंच असेल तर आखूड दांड्याचे, २० इंच असेल तर लांब दांड्याचे इंजिन लागते. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या इंचभर खाली हवी. वर राहिली तर पंखा नुसती हवा घुसळतो. सुकाणू दोन्हीकडे पुरते वळवून पाहायचे, ते पंख्याला लागता कामा नये. शिडाची दोरी इंजिनात अडकणार नाही, हेही पाहायचे.

क्लॅम्पच्या स्क्रूखाली आम्ही सागाचा जाड तुकडा घातला, नाहीतर ते फळीत रुततात. आरपार बोल्ट टाकून आतून रुंद वॉशर लावले आणि भोके पाणी झिरपणार नाही अशी बुजवली. तरीही थरथरीने स्क्रू ढिले होतात. थोडा वेळ चालवून पुन्हा आवळावेच लागतात.

पण अब्बांचा सगळा जोर दोरावर. इंजिन उचलण्याआधीच दोराचे एक टोक त्याला आणि दुसरे होडीच्या आतल्या मजबूत लाकडाला बांधायचे, मग हात लावायचा. ते म्हणत, "भरवसा अल्लावर आहेच, पण गाठ आपणच मारायची."

शेजारच्या वाडीतल्या एका होडीचे इंजिन खाडीच्या तोंडाशी लाटेच्या हिसक्याने निसटले. दोर नव्हता. कर्जाने घेतलेली वस्तू डोळ्यांदेखत बुडाली. त्यांनी डोलकाठी काढून टाकलेली नव्हती, एवढ्यावर माणसे घरी आली. कर्जाचे हप्ते मात्र पुढे चालू राहिले.

आमच्या घरातली तरुण पोरे आता म्हणतात, डोलकाठी काढली तर जाळ्याला जागा होईल. त्यांचे चुकीचे नाही, होडी लहानच आहे. पण शिडावर चालताना इंजिन वर उचलून ठेवायचे, वारा पडला की खाली सोडायचे आणि चालवणाऱ्याने इंजिन बंद पाडणारी दोरी मनगटाला बांधायची, हे आम्ही त्यांना शिकवतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुणेही त्यांच्याकडेच आहे. डोलकाठी अजून जागेवर आहे.