अंथरूण पाहून पंप

माझी थोरली बहीण लग्न होऊन बालाघाटला गेली, त्याला आता तीस वर्षे होतील. निपाणीत आम्ही घरात मराठी आणि अंगणात कन्नड बोलत वाढलो. तिकडे ताईच्या कानावर हिंदी, मराठी आणि पोवारी पडते. गोंदिया तिथून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे एका सीमेवरून उठून ती दुसऱ्या सीमेवर जाऊन राहिली. कन्नड मात्र ती विसरलेली नाही. मुलावर रागावली की आधी कन्नडच बाहेर पडते.

या दिवाळीत मी गेले तेव्हा ती रागावलेलीच होती. कारण होते पंप.

भाच्याने स्वतःच्या पगारातून जुनी फियाट लिनिया टी-जेट घेतली आहे. पुण्याजवळच्या रांजणगावची ही गाडी, टर्बो इंजिनाची, सुमारे ११४ अश्वशक्तीची. याच इंजिनाच्या घराण्यातले इंजिन २०१५ साली आलेल्या अबार्थ पुंटोत सुमारे १४५ अश्वशक्ती देत होते. "मग माझ्या गाडीने का देऊ नये?" हा त्याचा प्रश्न. त्यासाठी टर्बोचा दाब वाढवायचा आणि टाकीत मोठा फ्युएल पंप बसवायचा. ताशी २५५ लिटर पेट्रोल फेकणारा पंप त्याने हेरून ठेवला होता. ताईला काळजी दोन गोष्टींची : त्याने साठवलेल्या पैशांची आणि बैहरकडे जाणाऱ्या घाटाची.

मी अर्थशास्त्र शिकवते. मोटारीतले मला फारसे कळत नाही, पण मागणी आणि पुरवठा कळतो. मी म्हटले, "अरे, आधी गाडीला लागते किती, ते तर काढ." रात्री आम्ही वही घेऊन बसलो.

टर्बोच्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागते, असे धरतात. १४५ अश्वशक्तीला झाले ३९ किलो, म्हणजे सुमारे ५३ लिटर. हल्ली पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या उसाचेही त्यात असेल! इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून इंधन सात-आठ टक्के जास्त लागते. झाले ५७ लिटर. वर पाव हिस्सा राखीव ठेवला तरी ७१-७२. भाचा वहीकडे बघतच राहिला.

भाऊजी भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेले. जमिनीखालचे पाणी उपसण्यात त्यांचा जन्म गेला. ते म्हणाले, "डब्यावरचा आकडा कुठल्या दाबाचा आहे, ते विचार." आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तीच मोटर उथळ विहिरीवर भरपूर पाणी देते आणि खोल बोअरवर धार बारीक होते. गाडीतही तसेच. समजा, पेट्रोलचा दाब ३.५ बार आहे. टर्बोने इंजिनात १ बार दाबाने हवा कोंबली, की तिला मागे सारून तेवढ्याच जोराने पेट्रोल आत जायला पंपाला ४.५ बारपर्यंत चढावे लागते. दाब चढला की धार घटते. म्हणून पंप निवडायचा तो त्या वरच्या दाबाला किती देतो ते पाहून. शिवाय कंपनीने आकडा किती व्होल्टवर मोजला, तेही विचारायचे. १३.५ व्होल्टला जे मिळते ते १२ व्होल्टला मिळत नाही.

पेट्रोल कमी पडले तर धोका मोठा. टर्बोच्या भरात मिश्रण पातळ झाले की इंजिन ठोके मारते, उष्णता वाढते आणि पिस्टन वितळूही शकतो. पण उगाच मोठा पंपही बरा नाही. तो जास्त वीज ओढतो, जुन्या वायरी तापवतो, आणि नको असलेले पेट्रोल टाकीतल्या टाकीत फिरवून गरम करतो. इथेनॉल सोसणारा नसेल तर त्याचे रबर लवकर खराब होते, ते वेगळेच.

मग नागपूरच्या एका गॅरेजात मीटर लावून तपासणी केली. जोर दिला की पेट्रोलचा दाब ३.५ वरून ३ च्या खाली येत होता. दोष पंपाचा वाटावा असाच. पण बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंपापाशी जेमतेम ११.४! वायर व रिले नवी टाकली, टाकीतली जाळी साफ केली, आणि दाब जागेवर आला. मूळचा पंप अजून धडधाकट होता.

राहिला टर्बोचा दाब वाढवण्याचा हट्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. विमा कंपनीला न सांगता इंजिन बदलले आणि उद्या अपघात झाला, तर भरपाईचा प्रश्न उभा राहतो. भाऊजींनी हे शांतपणे सांगितले. भाच्याने दोन दिवस विचार केला आणि बेत सोडला. तो स्वतःहून सोडला, याचे ताईला जास्त समाधान.

ती त्याला म्हणाली, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." भाच्याला कन्नड अर्धेच कळते, म्हणून मी मराठीत सांगितले : अंथरूण पाहून पाय पसरावेत. दोन्ही भाषांतल्या आज्यांनी एकच सांगून ठेवले आहे.

आपल्या भागातही गाड्यांचा नाद असलेली मुले घरोघरी आहेत. त्यांना एकदम नाही म्हणू नका. त्यांच्यासमोर वही ठेवा, लागते किती आणि मिळते किती हे त्यांच्याच हाताने लिहू द्या, आणि जुने आहे ते तपासल्याशिवाय नव्याला पैसे देऊ नका.